मोजक्या शब्दांचा शिक्षक : मायकेल वेस्ट

बाकांवर दाटीने बसलेली मुले, हातात क्रमिक पुस्तक आणि पाळीपाळीने उभे राहून मोठ्याने वाचला जाणारा इंग्रजी धडा. वाचन खणखणीत, पाठांतर चोख. मात्र वाचलेल्या परिच्छेदाचा अर्थ विचारला की वर्ग गप्प. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमधील शाळांत असे दृश्य सर्रास दिसे. अनेकांनी त्याचा दोष मुलांच्या बुद्धीला दिला, काहींनी शिक्षकांच्या उच्चारांना. एका इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याने मात्र तो पुस्तकातील शब्दांत शोधला. त्यांचे नाव मायकेल वेस्ट. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा मुलांना नेमके कोणते शब्द, किती आणि कोणत्या क्रमाने शिकवावेत, या प्रश्नाला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

मायकेल फिलिप वेस्ट यांचा जन्म १८८८ सालचा. ऑक्सफर्डमध्ये शिक्षण पूर्ण करून ते इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि बंगालमध्ये आले. शाळांची तपासणी आणि शिक्षकांचे प्रशिक्षण या दोन्ही कामांचा अनुभव त्यांना मिळाला. पुढे ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचे ते प्राचार्य झाले. त्यामुळे सरकारी अहवालांत न दिसणाऱ्या अनेक गोष्टी त्यांना प्रत्यक्ष वर्गात पाहता आल्या.

त्या काळी बंगालमध्ये मॅट्रिकचे बहुतेक विषय इंग्रजीतून द्यावे लागत. साहजिकच इंग्रजी कच्चे असलेल्या मुलाचा केवळ एक विषय कच्चा राहत नसे. इतिहास, भूगोल, गणित अशा साऱ्याच विषयांचे दार त्याच्यासाठी अर्धे बंद होई. भूगोलाच्या पुस्तकातील नदीचे वर्णन समजले नाही, तर तो भूगोलात मागे पडे. प्रत्यक्षात अडथळा भूगोलाचा नसून शब्दांचा असे.

वेस्ट यांना त्याहून अधिक अस्वस्थ केले ते शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलांनी. इंग्रजीचा अभ्यासक्रम आखलेला असे तो शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. परंतु पहिल्या काही वर्षांतच गळून पडणाऱ्या मुलांची संख्या फार मोठी होती. दोन-तीन वर्षे इंग्रजीवर घालवून शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती उरते काय, असा प्रश्न वेस्ट यांनी विचारला. त्यासाठी त्यांनी विमा व्यवसायातील एक कल्पना उसनी घेतली. मुदतीपूर्वी पॉलिसी मोडली, तर भरलेल्या हप्त्यांच्या बदल्यात जी रक्कम पदरात पडते, तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. शिक्षणालाही अशी सरेंडर व्हॅल्यू असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ज्या टप्प्यावर मूल शाळा सोडेल, त्या टप्प्यापर्यंतचे शिक्षण त्याला उपयोगी पडले पाहिजे. यशाचे माप मॅट्रिकच्या निकालात न शोधता निकालापर्यंत न पोहोचलेल्या मुलाच्या हाती काय पडले यात शोधणारा हा विचार त्या काळात वेगळा होता.

या कसोटीतूनच वेस्ट यांनी वाचनाला अग्रक्रम दिला. अर्धवट शिकलेले इंग्रजी संभाषण गावी परतलेल्या मुलाला बोलायला कोणी नसल्याने विसरले जाते. पण साधे पुस्तक समजून वाचण्याची क्षमता त्याला एकट्यालाही टिकवता आणि वाढवता येते, असे त्यांचे म्हणणे होते. बंगालमधील द्विभाषिकतेवरील त्यांचा विस्तृत अहवाल १९२६ साली कलकत्त्याहून सरकारने प्रसिद्ध केला. जगातील असंख्य लोकांना घराची व भावनांची एक भाषा आणि ज्ञानाची दुसरी भाषा अशा दोन भाषांत जगावे लागते, ही वस्तुस्थिती त्यांनी त्यात मांडली. इंग्रजी ही राज्यकर्त्यांची भाषा होती आणि वेस्ट स्वतः त्या राज्ययंत्रणेचे अधिकारी होते. इंग्रजीची गरज निर्माण करणारी व्यवस्था बदलावी, असे त्यांनी सुचवले नाही. त्या व्यवस्थेत अडकलेल्या मुलाचे ओझे कमी करणे, एवढेच काम त्यांनी स्वीकारले.

हे ओझे नेमके कोठे आहे, हे पाहण्यासाठी त्यांनी प्रचलित वाचनमालांतील शब्द मोजले. निष्कर्ष बोलका होता. मुलांच्या पुस्तकांत जुनाट, काव्यात्म आणि क्वचितच भेटणारे शब्द ठासून भरलेले होते. प्रत्येक ओळीत नवे शब्द येत. एकदा येऊन गेलेला शब्द पुन्हा भेटेलच याची खात्री नसे. वाचणारा मुलगा प्रत्येक पावलाला अडखळत होता. या सुमारास अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी वारंवार आढळणाऱ्या १०,००० शब्दांची यादी १९२१ साली प्रसिद्ध केली होती. वेस्ट यांनी तिचा आधार घेतला आणि स्वतःची ‘न्यू मेथड’ वाचनमाला तयार केली. दुर्मीळ शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द योजायचे, नवा शब्द पुरेशा अंतराने आणायचा आणि आणलेला शब्द पुढे पुन्हा पुन्हा वापरायचा, ही तिची सूत्रे. गोष्ट रंजक राहावी आणि मुलाने ती अर्थ समजून शेवटपर्यंत वाचावी, यावर भर होता. आज इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सोप्या शब्दांत, पायरीपायरीने चढत जाणारी गोष्टींची जी पुस्तके मिळतात, त्यांचे मूळ या प्रयोगात सापडते.

वेस्ट यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी भारत सोडला, पण बंगालमध्ये सुरू झालेले काम सोडले नाही. अडलेला शब्द पाहण्यासाठी विद्यार्थी शब्दकोश उघडतो आणि तेथे त्याला आणखी तीन अनोळखी शब्द भेटतात, ही अडचण त्यांनी पुढे हाती घेतली. चीनमध्ये काम करणारे कॅनेडियन मिशनरी जेम्स एंडिकॉट यांच्यासह त्यांनी १९३५ साली ‘न्यू मेथड इंग्लिश डिक्शनरी’ सिद्ध केली. त्यात सुमारे २४,००० शब्द व वाक्प्रचारांचे अर्थ दिले होते आणि ते सांगण्यासाठी फक्त १,४९० शब्द वापरले होते. मूळ इंग्रजी भाषकाऐवजी इंग्रजी शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या कोशांच्या परंपरेतील हा पहिल्या काही कोशांपैकी एक होय.

त्यांच्या मतांना विरोधही झाला. जपानमध्ये इंग्रजी अध्यापनाचे काम करणारे हॅरोल्ड पामर हे मौखिक पद्धतीचे पुरस्कर्ते होते. भाषा आधी कानावर आणि जिभेवर यावी, मग डोळ्यांसमोर, असा त्यांचा सिद्धान्त होता. केवळ ८५० शब्दांत सारा व्यवहार भागवू पाहणाऱ्या सी. के. ऑग्डेन यांच्या ‘बेसिक इंग्लिश’शी तर वेस्ट यांचा उघड वाद झाला. मात्र पामर आणि वेस्ट यांनी मतभेद बाजूला ठेवून एकत्र काम केले, ही त्या काळाची मोठी उपलब्धी. कार्नेगी कॉर्पोरेशनच्या साहाय्याने १९३४ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या परिषदेत दोघेही सहभागी झाले. त्यातून १९३६ साली शब्दनिवडीवरील अंतरिम अहवाल तयार झाला.

त्यानंतर महायुद्ध आले आणि काम रेंगाळले. अखेर १९५३ साली वेस्ट यांच्या संपादनाखाली ‘अ जनरल सर्व्हिस लिस्ट ऑफ इंग्लिश वर्ड्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सुमारे २,००० शब्दांच्या या यादीचे वैशिष्ट्य असे, की एका शब्दाचे जे अनेक अर्थ असतात त्यांपैकी कोणता किती टक्के वेळा वापरला जातो, हेही तीत नोंदवलेले होते. त्यामुळे कोणता शब्द शिकवावा यासोबतच त्याचा कोणता अर्थ आधी शिकवावा, हेही शिक्षकाला कळू लागले. निवड करताना केवळ वारंवारता पाहिली नव्हती. शब्द शिकण्यास किती सोपा आहे, त्याच्यावाचून अडते का, एका शब्दाने किती काम भागते, याचाही विचार झाला होता.

वयाच्या सत्तरीनंतरही वेस्ट यांच्या डोळ्यांसमोरून तो गजबजलेला वर्ग हलला नव्हता. १९६० साली त्यांनी प्रतिकूल परिस्थितीतील इंग्रजी अध्यापनावर पुस्तक लिहिले. खच्चून भरलेले वर्ग, उष्ण हवा, वेगवेगळ्या कुवतीची मुले आणि स्वतःचे इंग्रजी बेताचे असलेला शिक्षक ही जगातील बहुसंख्य शाळांची नेहमीची स्थिती आहे, तेव्हा पद्धतीही तीच गृहीत धरून आखल्या पाहिजेत, हा त्या पुस्तकाचा गाभा. १९७३ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या यादीच्या मर्यादा पुढे स्पष्ट झाल्या. ज्या मजकुरावरून ती बेतली होती तो जुना झाला; संगणकासारखे शब्द तीत असणे शक्यच नव्हते. २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी सामान्य शब्दांच्या नव्या याद्या मांडल्या. परंतु त्यांचा पाया पुढच्यांनी टाकून दिला नाही. १९७८ साली आलेल्या लाँगमनच्या विद्यार्थी कोशात अर्थ सांगण्यासाठी सुमारे २,००० शब्दांचीच मर्यादा पाळली गेली. न्यूझीलंडमधील अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली उच्च शिक्षणातील ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली, तीही वेस्ट यांचे २,००० शब्द विद्यार्थ्याला येतात असे गृहीत धरूनच. रोजचे इंग्रजी येणारे मूल पाठ्यपुस्तकाच्या इंग्रजीपुढे का थबकते, याचे उत्तर या दोन याद्यांमधील अंतरात मिळते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यावर उलटसुलट चर्चा पुष्कळ झाली. ती मुख्यतः इंग्रजी कधी सुरू करावे याभोवती फिरली. कोणते शब्द, किती आणि कशासाठी, हा वेस्ट यांचा प्रश्न तुलनेने मागे राहिला. दहावीपर्यंत न पोहोचणारे मूल वर्गात असेपर्यंत त्यांनी ढाक्यात लावलेली कसोटी जुनी होणार नाही.