फेलिक्स वँकेल: पिस्टन आणि क्रँकशाफ्टला सुट्टी देणारा माणूस

तुमच्या बाईकचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर त्यातला पिस्टन एका सेकंदात २०० वेळा थांबतो आणि दिशा बदलतो. वर गेला की थांब, खाली आला की थांब. ही वर-खाली धावपळ गोल फिरवायचं काम कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट करतात. मी कॉम्प्युटरवाला असलो तरी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ही आकृती मलाही काढावी लागली होती. पण एका जर्मन माणसाला ही सगळी व्यवस्थाच मान्य नव्हती. शेवटी चाकच फिरवायचं आहे ना, मग इंजिनातही सुरुवातीपासून सगळं गोलच का फिरू नये? त्याचं नाव फेलिक्स वँकेल.

डिग्री नाही, लायसन्सही नाही

वँकेलचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ चा, जर्मनीतल्या लार गावचा. वडील जंगल खात्यात होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि १९१४ मध्येच ते मारले गेले. आई मुलाला घेऊन हायडेलबर्गला आली. घरात पैसा नव्हता, त्यामुळे १९२१ मध्ये शाळा सुटली आणि तो एका प्रकाशकाकडे कामाला लागला. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलं नाही. नजर इतकी कमजोर होती की त्याने गाडीचं लायसन्सही कधी काढलं नाही.

पण १९२४ मध्ये त्याने हायडेलबर्गमध्ये छोटं वर्कशॉप टाकलं आणि फिरत्या इंजिनावर काम सुरू केलं. १९२९ मध्ये पहिलं पेटंटही मिळालं. इथपर्यंत गोष्ट एकदम प्रेरणादायी वाटते ना?

जो भाग गाळून चालत नाही

वँकेल तरुणपणीच नाझी पक्षात गेला होता. तिथे बाडेन प्रांताचा पक्षप्रमुख रोबर्ट वाग्नर याच्याशी त्याचं वाजलं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर वाग्नरने त्याला तुरुंगात टाकलं. हिटलरचा आर्थिक सल्लागार विल्हेल्म केपलर याच्या ओळखीमुळे तो काही महिन्यांत सुटला. पुढे १९३६ मध्ये सरकारी पैशातून लिंडाऊ इथे त्याला मोठं वर्कशॉप मिळालं. तिथे तो विमानांच्या इंजिनांसाठी फिरते व्हॉल्व्ह आणि सील बनवत होता. १९४० मध्ये तो एसएस या संघटनेतही दाखल झाला. १९४२ मध्ये त्याला तिथून काढलं गेलं. युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी त्याला अटक केली आणि वर्कशॉप मोडून टाकलं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण इंटरनेटवर त्याची गोष्ट बऱ्याचदा थेट १९५० नंतर सुरू होते. पण गॅस गळू न देणाऱ्या सीलचं जे ज्ञान त्याच्या इंजिनाला पुढे कामी आलं, त्यातलं बरंच त्याने याच काळात, याच पैशावर कमावलं होतं.

इंजिन चालतं कसं?

१९५१ मध्ये त्याने एनएसयू या जर्मन कंपनीसोबत काम सुरू केलं आणि १ फेब्रुवारी १९५७ ला पहिलं इंजिन चाललं. कल्पना अशी: मध्ये कंबर दाबलेला एक लांबट गोल डबा, आत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर. रोटरची तिन्ही टोकं कायम भिंतीला घासत असतात, म्हणून तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरतो तसा प्रत्येक कप्पा लहान-मोठा होतो: हवा-पेट्रोल आत, दाब, स्फोट, धूर बाहेर. कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्ह नाहीत. क्रँकशाफ्टच्या जागी एक सरळ दांडा, ज्यावर मध्यापासून थोडी सरकलेली गोल चकती असते. रोटर या चकतीवर बसतो आणि तो एकदा फिरला की दांडा तीनदा फिरतो.

गंमत म्हणजे आज आपण ज्याला वँकेल इंजिन म्हणतो ते हुबेहूब वँकेलचं नाही. त्याच्या मूळ डिझाइनमध्ये रोटरबरोबर बाहेरचा डबाही फिरायचा. स्पार्क प्लग बदलायचा तर इंजिन खोलायला लागायचं! एनएसयूचा इंजिनिअर हान्स डिटर पाश्के याने डबा एका जागी ठेवून ते सोपं केलं. वँकेलला हा बदल अजिबात आवडला नाही, पण जगात चाललं तेच.

एका पट्टीने कंपनी बुडवली

१९६७ मध्ये एनएसयूने रो ८० ही गाडी आणली. तिला युरोपात कार ऑफ द इयर मिळालं. पण रोटरच्या टोकावरची सीलची पट्टी लवकर झिजायची. मग दाब गळायचा, इंजिन बसायचं. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीचं कंबरडं मोडलं आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

तीच पट्टी हिरोशिमात माझदालाही छळत होती. डब्याच्या आतल्या भिंतीवर ओरखडे उमटायचे. तिथले लोक त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणायचे. केनिची यामामोतो आणि त्याच्या ४७ जणांच्या टीमने अनेक पदार्थ करून पाहिले. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी टिकली आणि १९६७ मध्येच कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

तरी दोन दुखणी राहिलीच. कप्पा लांबट आणि चपटा, त्यामुळे पेट्रोल नीट जळत नाही. सीलला वंगण हवं, म्हणून थोडं ऑइलही जळतं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर बाकी बहुतेक कंपन्यांनी नाद सोडला.

वँकेलला मात्र सगळं मिळालं. १९६९ मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, हक्क विकून तो श्रीमंतही झाला. ९ ऑक्टोबर १९८८ ला हायडेलबर्गमध्ये तो गेला. १९९१ मध्ये माझदाच्या रोटरी गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, ते पाहायला तो नव्हता.

मला विचाराल तर या इंजिनावर एकट्याचं नाव असणं बरोबर नाही. कल्पना वँकेलची, चालण्यासारखा आकार पाश्केचा, आणि ते टिकवून दाखवलं यामामोतोच्या टीमने. २०२३ मध्ये माझदाने एमएक्स-३० या गाडीच्या एका मॉडेलमध्ये ८३० सीसीचा एकच रोटर बसवला. तो चाकं फिरवत नाही, फक्त वीज तयार करून बॅटरी भरतो. हे इंजिन लहान, हलकं आणि फार न थरथरणारं आहे, म्हणूनच इलेक्ट्रिक गाडीत त्याला पुन्हा जागा मिळाली.