समजून घ्या : २५६ जीबी रॅमच्या सर्व्हरला ‘पेज फाइल’ किती हवी? उत्तर आहे टॉम किलबर्न यांच्या १९६२च्या मशिनमध्ये

सेनगाव (जि. हिंगोली) : मोबाइलच्या दुकानात ‘८ जीबी + ८ जीबी रॅम’ असा बोर्ड लावलेला फोन तुम्ही पाहिला असेल. त्यातली पहिली ८ जीबी खरी रॅम. दुसरी म्हणजे फोनच्या स्टोरेजमधून काढून घेतलेली जागा. रॅम भरली की सध्या न लागणारा डेटा तिकडे सरकवायचा, लागला की परत आणायचा. विंडोज सर्व्हरवर याच जागेला पेज फाइल म्हणतात.

सर्व्हरमध्ये २५६ जीबी रॅम असेल तर ही फाइल किती ठेवायची? जुना ठोकताळा सांगतो, रॅमच्या दीडपट. म्हणजे ३८४ जीबी! ४८० जीबीच्या एसएसडीवर मग उरलं काय? उलट काही जण म्हणतात, एवढी रॅम आहे तर पेज फाइल बंदच करा. दोन्ही सल्ले फसवे आहेत. ते का, हे कळण्यासाठी ही पद्धत प्रत्यक्षात आणणाऱ्या माणसाकडे जावं लागतं. इंजिनिअरिंगला व्हर्च्युअल मेमरीवर मी पानंच्या पानं लिहिली, पण टॉम किलबर्न हे नाव काही कानावर आलं नाही.

किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या ड्यूजबरीचा. केंब्रिजमध्ये गणित शिकले. १९४२ साली पदवी मिळाली तेव्हा युद्ध ऐन भरात होतं. त्यांची रवानगी रडारवर काम करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेत झाली. तिथे वरिष्ठ होते फ्रेडी विल्यम्स. १९४६च्या अखेरीस विल्यम्स मँचेस्टर विद्यापीठात गेले आणि किलबर्नही त्यांच्यासोबत गेले.

त्या काळात संगणकाचं घोडं मेमरीपाशी अडलं होतं. या दोघांनी टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके साठवले. ठिपका क्षणात विरायचा, म्हणून तो सतत वाचून पुन्हा लिहावा लागे. ही मेमरी खरंच टिकते का, हे तपासायला एक छोटं मशिन उभारलं, ‘बेबी’. मेमरी ३२ शब्दांची, प्रत्येक शब्द ३२ बिटचा. एकूण १२८ बाइट, म्हणजे आज फोनवर देवनागरीत टाइप केलेली जेमतेम ४२ चिन्हं. २१ जून १९४८ रोजी किलबर्न यांनी लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्रॅम त्यावर ५२ मिनिटं चालला आणि उत्तर बरोबर आलं. इलेक्ट्रॉनिक संगणकाने स्वतःच्या मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम चालवण्याची ती पहिली वेळ.

खरी गंमत पुढे आहे. किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली, फेरांटी कंपनीच्या साथीने बांधलेला ‘ॲटलस’ ७ डिसेंबर १९६२ रोजी सुरू झाला. (आपल्याकडे तेव्हा मुंबईत टीआयएफआरचा ‘टिफ्रॅक’ चालू होता, २,०४८ शब्दांच्या मेमरीवर.) ॲटलसची वेगवान कोअर मेमरी होती १६,३८४ शब्दांची. ती महाग. फिरणारा चुंबकीय ड्रम ९८,३०४ शब्दांचा, स्वस्त पण हजारो पटींनी हळू. त्याआधी डेटाची ने-आण प्रोग्रॅमरलाच करावी लागे. किलबर्न आणि सहकाऱ्यांनी मेमरीची ५१२ शब्दांची ‘पानं’ पाडली. कोअरमध्ये ३२ पानं मावत, ड्रमवर १९२. हवं ते पान कोअरमध्ये नसेल तर मशिन स्वतःच ड्रमवरून आणे, आणि कोणतं पान बाहेर काढायचं तेही ठरवी. किराणा दुकानदार रोज खपणारा माल हाताशी ठेवतो, बाकीचा गोदामात, तसंच.

म्हणजे ॲटलसवर ‘गोदाम’ सहापट होतं. कारण हाताशी जागाच कमी होती. दीडपटीचा ठोकताळाही रॅम तुटपुंजी असतानाचा. दुकानच आठवडी बाजाराएवढं मोठं झालं तर गोदाम त्याच पटीत कशाला वाढवायचं?

म्हणून मोजा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली ‘कमिटेड’चे दोन आकडे दिसतात. पहिला म्हणजे प्रोग्रॅम्सनी मागून ठेवलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेज फाइल मिळून असलेली मर्यादा. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसासारखी सर्वाधिक गर्दी असताना पहिला आकडा पाहा. तो ३०० जीबीवर गेला तर २५६ वजा जाता किमान ४४ जीबी आणि वर थोडी मोकळीक हवी. २०० वरच थांबला तर जागेसाठी मोठ्या फाइलची गरज नाही.

तरी ती बंद करू नका. सर्व्हर कोसळताना विंडोज मेमरीची नोंद, म्हणजे डंप, सहसा पेज फाइलमार्फतच लिहितं. पूर्ण डंपला रॅम अधिक २५७ एमबी जागा लागते, पण फक्त कर्नलचा डंप बराच लहान असतो आणि बहुतेकदा तेवढा पुरतो. पेज फाइल नाही आणि डंपसाठी वेगळी फाइलही नेमलेली नाही, तर कोसळण्याचं कारण सापडणं अवघड. मग तोच बिघाड उद्या पुन्हा, आणि कागदासाठी गावाहून सेनगावला आलेल्या माणसाचा आणखी एक दिवस बुडाला. (सर्व्हर डाउन होण्याचं कारण दरवेळी मेमरीच असतं असं नाही, हेही खरं.)

काहीच ठरवता येत नसेल तर आकार विंडोजवर सोडा. ते रॅमच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतं, पण ड्राइव्हच्या आठव्या हिश्श्यावर थांबतं. ४८० जीबीच्या ड्राइव्हवर म्हणजे ६० जीबी.

१९६४ मध्ये मँचेस्टरला ब्रिटनमधला पहिला कॉम्प्युटर सायन्स विभाग सुरू झाला, प्रमुख किलबर्नच. पुढच्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९८१ मध्ये निवृत्त झाले, त्याच वर्षी पत्नी आयरीन गेल्या. १९९८ मध्ये ‘बेबी’ची प्रतिकृती सुरू झाली तेव्हा ते हजर होते. १७ जानेवारी २००१ रोजी मँचेस्टरमध्ये त्यांचं निधन झालं. ती प्रतिकृती आजही तिथल्या विज्ञान संग्रहालयात आहे.