धर्मानंद कोसंबी : व्यासंग आणि आचरण
गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांच्या मनात बुद्धाविषयी ओढ निर्माण झाली ती ‘बालबोध’ मासिकातील चरित्रलेखामुळे. १८९९ मध्ये घर सोडून त्यांनी नेपाळ गाठले. तेथे निराशा पदरी आल्यावर १९०२ मध्ये सिंहलद्वीपात त्यांनी दीक्षा घेतली व पालीचे अध्ययन केले. ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी हार्वर्डला वारंवार गेलेल्या या पंडिताने पुढे परळच्या कामगारवस्तीत ‘बहुजन विहार’ चालविला. उत्तरायुष्यात पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माने त्यांना प्रभावित केले. व्याधिग्रस्त अवस्थेत अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. बौद्ध विद्वानाने जैन परंपरेला जवळचा असा मृत्यू स्वीकारला, यात त्यांच्या व्यासंगाची कसोटी दिसते : जे पटले, ते त्यांनी आचरिले.