दम राखून लढणारा जॅक जॉन्सन

फेब्रुवारी १९०१. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील गॅल्व्हस्टन या बंदराच्या गावी एक मुष्टियुद्ध चालले होते. एका बाजूला बावीस वर्षांचा धिप्पाड कृष्णवर्णीय तरुण, तर दुसऱ्या बाजूला वजनाने त्याच्याहून हलका, पण अनुभवाने कितीतरी मोठा असलेला ज्यो चॉइन्स्की. तिसऱ्या फेरीत चॉइन्स्कीचा ठोसा वर्मी बसला आणि तरुण आडवा झाला. पाठोपाठ पोलीस रिंगणात शिरले. पैशासाठी मुष्टियुद्ध खेळणे हा तेव्हा टेक्सासमध्ये गुन्हा होता. जिंकलेला आणि हरलेला, दोघेही तुरुंगात गेले.

तिथे ते तीन आठवड्यांहून अधिक काळ होते. अधिकाऱ्यांनी त्यांना सरावाची मुभा दिली. दोघांची सराव लढत, म्हणजे आजच्या भाषेत स्पारिंग, पाहायला लोक जमू लागले. चॉइन्स्कीने तरुणाला समजावले की ज्याचे पाय इतके चपळ आहेत, त्याला मार खायची गरजच नाही. ठोसा कसा मारायचा यापेक्षा कसा चुकवायचा, आणि आपली ताकद कुठे खर्च करायची नाही, हे तो तरुण तुरुंगात शिकला. त्याचे नाव जॅक जॉन्सन. पुढे सात वर्षांनी तो हेवीवेट गटातील पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला.

जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी गॅल्व्हस्टनमध्येच झाला. आई-वडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. वडील शाळेत झाडलोट आणि देखभालीचे काम करीत. जॅकची शाळा लवकरच सुटली आणि तो गोदीत कामाला लागला. सप्टेंबर १९०० मध्ये गॅल्व्हस्टनला भीषण चक्रीवादळाने झोडपले. हजारो लोक मरण पावले आणि जॉन्सन कुटुंबाचे घरही गेले. चॉइन्स्कीशी त्याची गाठ पडली ती त्यानंतर पाचच महिन्यांनी.

त्या काळातल्या लढती आजच्यासारख्या आटोपशीर नव्हत्या. वीस फेऱ्यांची लढत नेहमीची असे आणि मोठी लढत पंचेचाळीस फेऱ्यांचीही ठरे. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एका मिनिटाची विश्रांती. असे तास-दीड तास लढायचे तर पहिल्या पाच मिनिटांत सगळा जोर ओतून कसे चालेल? कुस्तीत मल्ल आधी खडाखडी करतात, समोरच्याचा अंदाज घेतात. जॉन्सनच्या पहिल्या फेऱ्या तशाच असत. तो मागे रेलून उभा राही. समोरच्याचा ठोसा सुटण्याआधीच उघड्या पंजाने त्याचा दंड किंवा मनगट अडवी. प्रतिस्पर्धी अंगाशी आला की त्याचे दंड धरून त्याला मिठीत अडकवी. समोरचा चिडून हात चालवत राही आणि त्याचे बहुतेक ठोसे हवेत जात. समोरच्याचा दम उतरला की मग जॉन्सनचे ठोसे सुरू होत.

यामागचे शरीरशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. स्नायूंना पूर्ण जोर लावायचा असतो तेव्हा ते आधी स्वतःजवळचा तयार साठा वापरतात. तो जेमतेम दहा सेकंद पुरतो. त्यानंतर ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, ऑक्सिजनची वाट न पाहता घाईने वापरली जाते. या मार्गाने ऊर्जा झटपट मिळते, पण स्नायूत आम्लता वाढते, आकुंचनाची क्रिया अडखळते आणि हातपाय जड होतात. दीर्घकाळ टिकणारी ऊर्जा मिळते ती ऑक्सिजन वापरून, आणि संपलेला तयार साठाही ऑक्सिजनच्याच आधारे पुन्हा भरतो. अर्धा साठा साधारण अर्ध्या मिनिटात भरून येतो, पूर्ण भरायला मात्र तीन ते पाच मिनिटे लागतात. म्हणजे दोन जोरदार हल्ल्यांच्या मध्ये वीस-तीस सेकंद शांतपणे घालवणारा खेळाडू खरे तर पुढच्या हल्ल्याची तरतूद करत असतो.

हवेत गेलेला ठोसा बसलेल्या ठोशाइतकीच ऊर्जा खातो. शिवाय पुढे फेकला गेलेला हात थांबवण्यासाठी खांद्याच्या आणि पाठीच्या स्नायूंना वेगळे काम पडते. दुसरा छुपा खर्च ताठरपणाचा. घट्ट आवळलेली मूठ, कानापर्यंत चढलेले खांदे, दातावर दात आणि रोखलेला श्वास, ही घाबरलेल्या नवशिक्याची लक्षणे. आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. त्याला रक्त कमी मिळते आणि काहीही न करता तो थकतो. जॉन्सनचे खांदे सैल असत आणि मूठ ऐन ठोशाच्या वेळीच आवळली जाई.

तो लढता लढता बोलतही असे. प्रतिस्पर्ध्याला चिडवी, रिंगणाबाहेरच्या प्रेक्षकांशी गप्पा मारी आणि सोन्याचे दात दाखवत हसे. अनेकांना हा उर्मटपणा वाटे. प्रतिस्पर्ध्याला डिवचण्याचा हेतू त्यात होताच. पण व्यायाम करताना माणसाला सलग वाक्ये बोलता येत असतील, तर श्रम त्याच्या आवाक्यात आहेत, अशी साधी कसोटी आज डॉक्टर रुग्णांना सांगतात. जॉन्सन ही कसोटी रिंगणात हजारोंच्या देखत देत होता.

त्याच्या या शैलीकडे बघण्याची नजर मात्र निर्मळ नव्हती. त्याच्याआधीचा गोरा जगज्जेता जेम्स कॉर्बेट असाच बचावावर भर देऊन, डोके चालवून लढे. वृत्तपत्रे त्याला मुष्टियुद्धातला शास्त्रज्ञ मानीत. तेच जॉन्सनने केले की त्याला आळशी आणि भित्रा ठरवले जाई. १९०३ मध्ये डेन्व्हर एड मार्टिनला वीस फेऱ्यांत हरवून तो कृष्णवर्णीयांचा विजेता झाला. पण तेव्हाचा जगज्जेता जिम जेफ्रीस कृष्णवर्णीयाबरोबर किताबासाठी लढायला तयार नव्हता. १९०५ मध्ये तो अपराजित निवृत्त झाला. जॉन्सन थांबून राहिला. पुढे किताब टॉमी बर्न्सकडे आला, तेव्हा जॉन्सन त्याच्या मागे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत झाली. बर्न्सला ३० हजार डॉलर आणि जॉन्सनला ५ हजार, असा करार होता. चौदाव्या फेरीत बर्न्सची अवस्था पाहून पोलिसांनी लढत थांबवली. जॉन्सन जगज्जेता झाला.

गोऱ्या अमेरिकेला हे पचले नाही. किताब परत आणण्यासाठी शेतीत रमलेल्या जेफ्रीसला गळ घालण्यात आली. सुमारे सहा वर्षे तो लढला नव्हता आणि त्याचे वजन बेसुमार वाढले होते. त्याने शंभर पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलो वजन उतरवले. शरीर दिसायला पुन्हा पिळदार झाले. पण वजन उतरणे आणि दमसास वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता आणि स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे हे सातत्याच्या सरावाने टिकते, आणि सराव सुटला की ओसरते. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जुलैच्या कडक उन्हात ही लढत झाली. कॉर्बेट जेफ्रीसच्या बाजूने उभा राहून जॉन्सनला शिव्या घालत होता, म्हणजे तो चिडावा आणि चुकावा. जॉन्सन चिडला नाही. संताप हाही एक खर्चच असतो. रागाने नाडी वाढते, स्नायू ताठरतात आणि नेम चुकतो. पंधराव्या फेरीत, कारकिर्दीत कधीही खाली न पडलेला जेफ्रीस वारंवार खाली पडला आणि त्याच्या माणसांनी लढत सोडून दिली. त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली उसळल्या. अनेकांचे जीव गेले, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.

रिंगणात हरवता आले नाही, तेव्हा कायद्याचा फास आवळला गेला. गोऱ्या स्त्रियांशी असलेल्या त्याच्या संबंधांवरून मॅन कायद्याखाली खटला भरण्यात आला. १९१३ मध्ये सर्व गोऱ्या ज्यूरींनी त्याला दोषी ठरवले. एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली. शिक्षा भोगण्याऐवजी तो देश सोडून युरोपात गेला. तिथे पैसा आटत गेला, सरावातली शिस्त सुटली आणि वजन वाढले.

५ एप्रिल १९१५ रोजी क्यूबातील हवाना येथे त्याच्यासमोर उभा राहिला जेस विलार्ड. कॅन्ससचा हा गुराखी साडेसहा फूट उंच आणि तेहेतीस वर्षांचा होता. जॉन्सन सदतीस वर्षांचा होता. लढत पंचेचाळीस फेऱ्यांची, रणरणत्या उन्हातली. सुरुवातीच्या फेऱ्यांवर जॉन्सनचेच वर्चस्व होते. पण विलार्डनेही घाई केली नाही. जॉन्सनच्या आयुष्यभराचे शस्त्र त्याने जॉन्सनवरच उलटवले. विसाव्या फेरीनंतर जॉन्सनच्या हालचाली मंदावल्या आणि सव्विसाव्या फेरीत तो कोसळला. तोवर विश्रांतीची मिनिटे धरून शंभर मिनिटे उलटून गेली होती. पाठीवर पडलेल्या जॉन्सनचा हात उन्हापासून डोळे झाकल्यासारखा दिसणारा फोटो पुढे गाजला. आपण मुद्दाम हरलो, असे तो नंतर सांगत राहिला. शरीराच्या हिशेबाने पाहिले, तर त्या दुपारी हरायला कटाची गरज नव्हती.

उन्हात हृदयाला दुहेरी काम असते. स्नायूंना रक्त द्यायचे आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलाही द्यायचे. घामाने रक्तातले पाणी कमी होते, मग प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडते आणि नाडी चढत जाते. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी कामगिरी खालावू लागते. शरीराचे तापमान वाढले की मेंदू स्वतःच हात आखडता घेतो, स्नायूंना मिळणारी आज्ञाच क्षीण होते. त्यात वय. तिशीनंतर दर दशकात ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, व्यायाम नसेल तर, सुमारे दहा टक्क्यांनी घटते. कौशल्याने खर्च कमी करता येतो, पण तिजोरीच लहान झाली असेल तर काटकसरीलाही मर्यादा असते.

आज किकबॉक्सिंगचे वर्ग शहराशहरांत भरतात आणि स्पारिंगच्या दोन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांतच नवशिक्यांची दमछाक होते. किकबॉक्सिंगमध्ये लाथ मारताना मांडी आणि नितंबाचे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू राबतात, त्यामुळे लाथ ठोशापेक्षा महाग पडते. मिठीत धरून राहण्यावर अनेक नियमांत बंधन असल्याने जॉन्सनची ती सवलतही नसते. मग उरतात त्याच्या बाकीच्या सवयी: खांदे सैल, श्वास चालू, ठोशाबरोबर उच्छ्वास, नेम नसेल तर लाथ नाही, हल्ल्यानंतर बाजूला सरकून दम घेणे. आणि या सगळ्याखाली धावणे, दोरीच्या उड्या यांसारखा आठवड्यातून अनेकदा होणारा संथ, दीर्घ व्यायाम. उन्हाळ्यात नव्याने सुरुवात करणाऱ्याच्या शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढा वेळ द्यावा.

दम राखण्याचे महत्त्व जिंकण्यापुरते नाही. थकलेल्या खेळाडूचे हात आधी खाली येतात, मानेचे स्नायू ढिले पडतात, डोळ्यांना ठोसा दिसतो पण शरीर हलत नाही. डोक्याला मार बसतो तो अशा वेळी. हात वर राहत नसतील तर सराव तिथेच थांबवणे हा भित्रेपणा नव्हे. डोक्याला मार बसल्यावर उलटी, गोंधळ, वाढती डोकेदुखी किंवा क्षणभरही शुद्ध हरपणे, उन्हात असंबद्ध बोलणे, छातीत दुखणे, सरावानंतर लघवीचा रंग चहासारखा गडद होणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे.

जॉन्सन १९२० मध्ये मायदेशी परतून सरकारच्या स्वाधीन झाला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगातून १९२१ मध्ये सुटला. १९२२ मध्ये त्याने सुधारलेल्या पान्याचे पेटंट मिळवले. योगायोग असा की स्नायूंतील उष्णता आणि लॅक्टिक आम्लावरील संशोधनासाठी ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ यांना मिळालेले नोबेल पारितोषिकही १९२२ चेच. जॉन्सन ज्या हिशेबाने लढत आला होता, त्याची उकल तेव्हा कुठे प्रयोगशाळेत होऊ लागली होती. तो साठीपर्यंत रिंगणात उतरत राहिला, ती मात्र पोटासाठी. वय झालेल्या मेंदूसाठी ही कमाई फार महागडी असते.

१० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका खाणावळीत वर्णभेदाची वागणूक मिळाल्यावर तो रागाने गाडीत बसला आणि वेगाने निघाला. फ्रँकलिंटनजवळ गाडी खांबावर आदळली. वय अडुसष्ट. रिंगणात हजारोंच्या शिव्या हसत झेलणाऱ्या माणसाचा तोल त्या दिवशी गेला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. शिक्षेला तेव्हा १०५ वर्षे झाली होती.