लाफिंग गॅसने ज्याने पहिल्यांदा वेदना थांबवून दाखवली, तो होरेस वेल्स नशेतच का संपला?

केममधला एखादा माणूस ऑपरेशनसाठी सोलापूरला जातो. तोंडावर मास्क येतो, भूलतज्ज्ञ दीर्घ श्वास घ्यायला सांगतात आणि पुढचं काही आठवत नाही. जाग येते तेव्हा ऑपरेशन उरकलेलं असतं.

दोनशे वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं. तेव्हा पेशंटला चार जण दाबून धरायचे आणि सर्जन जमेल तितक्या घाईत काम उरकायचा. हे चित्र बदलायला ज्यांनी सुरुवात केली, त्यातलं एक नाव म्हणजे होरेस वेल्स.

वेल्स यांचा जन्म १८१५ चा. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात ते दातांचे डॉक्टर होते. दात काढताना पेशंट किती तळमळतो, हे ते रोज बघत होते.

नायट्रस ऑक्साइड हा वायू तेव्हा नवा नव्हता. जोसेफ प्रिस्टली यांनी तो १७७२ मध्ये शोधला होता. हा वायू ऑपरेशनमध्ये उपयोगी पडू शकेल, असं हम्फ्री डेव्ही यांनी १८०० मध्येच लिहून ठेवलं होतं. पण कुणी लक्ष दिलं नाही. वायू हुंगला की माणसं हसायची, बरळायची, म्हणून त्याचे तिकीट लावून खेळ व्हायला लागले. लाफिंग गॅस हे नाव त्यातूनच रूढ झालं.

१० डिसेंबर १८४४ ला गार्डनर कोल्टन यांचा असाच खेळ हार्टफर्डमध्ये होता. वेल्सही बघायला गेले होते. गॅस घेतलेल्या एका तरुणाच्या पायाला जोरात लागलं, पण त्याला पत्ताच नव्हता. सगळे हसत होते, वेल्स मात्र त्या पायाकडे बघत होते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः गॅस घेतला आणि जॉन रिग्ज या डॉक्टरकडून स्वतःची दाढ काढून घेतली. दुखलं नाही. मग त्यांनी हा प्रयोग आपल्या पेशंटवर सुरू केला. त्याचं पेटंट मात्र घेतलं नाही.

जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनला डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक ठरलं. तिथेच घात झाला. गॅसची पिशवी लवकर बाजूला झाली, दात काढताना पेशंट ओरडला आणि हॉलमध्ये हुर्यो उडाली. मुळात हा वायू एकट्याने गाढ भूल देण्याइतका ताकदवान नाही, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

वेल्स खचले. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ ला, त्याच बोस्टनमध्ये त्यांचेच जुने सहकारी विल्यम मॉर्टन यांनी इथर वापरून यशस्वी प्रात्यक्षिक केलं. नाव मॉर्टन यांचं झालं.

शोधाचं श्रेय मिळवण्यासाठी वेल्स झगडत राहिले. १८४७ च्या अखेरीस क्लोरोफॉर्म हे नवं औषध आलं. वेल्स त्याचे प्रयोग स्वतःवरच करायला लागले आणि त्याच्या आहारी गेले. जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कला नशेच्या भरात त्यांनी रस्त्यावरच्या दोन महिलांवर ॲसिड टाकलं. अटक झाली. शुद्धीवर आल्यावर आपण काय केलं हे कळलं, तेव्हा ते त्यांना सहन झालं नाही. २४ जानेवारीला त्यांनी तुरुंगातच आयुष्य संपवलं. वय होतं ३३.

पॅरिसच्या डॉक्टरांच्या संस्थेने त्यांचा शोध मान्य केल्याचं पत्र आलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्यांना श्रेय दिलं ते १८६४ मध्ये. त्याच सुमारास कोल्टन यांनीच हा गॅस दात काढण्यासाठी पुन्हा वापरात आणला.

आज हा गॅस ऑक्सिजनसोबत, मोजून आणि भूलतज्ज्ञाच्या नजरेखाली देतात. निम्मा गॅस आणि निम्मा ऑक्सिजन असं मिश्रण काही ठिकाणी बाळंतकळा कमी करायलाही वापरतात.

पण क्रीम फेटण्यासाठी मिळणाऱ्या छोट्या सिलिंडरमधून हाच गॅस फुग्यात भरून नशाही केली जाते. यात ऑक्सिजन कमी पडून जीव जाऊ शकतो. वारंवार घेतल्यास शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी होतं, मज्जारज्जूला इजा होते, हातापायांना मुंग्या येतात आणि चालणं अवघड होतं. म्हणूनच २०२३ मध्ये नेदरलँड्स आणि ब्रिटनने नशेसाठीच्या वापरावर बंदी आणली.

अशी लक्षणं कुणात दिसली तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा आणि गॅस घेतल्याचं लपवू नका. वेळेत उपचार सुरू झाले तर बरं होण्याची शक्यता जास्त असते.