पिंगळावेळेचा यात्रिक : जी. ए. कुलकर्णी
(बी. ए. भाग २)

मराठी नवकथेचा विषय निघाला की गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही चार नावे आपण एका दमात घेतो. जी. ए. कुलकर्णी थोडे मागाहून आले आणि त्या रांगेत ते कधीच नीट उभे राहिले नाहीत. परीक्षेच्या दृष्टीने ही अडचणच आहे. त्यांच्या कथेला ग्रामीण म्हणता येत नाही आणि शहरी म्हणावे तर तीत परसू, आड आणि चुलीचा धूर आहे. शेवटी ‘नियतीवादी कथाकार’ अशी पाटी लावून आपण मोकळे होतो. त्या पाटीखाली आणखी एक वाक्य ठरलेले असते, ते म्हणजे हा नियतीवाद ग्रीक शोकांतिकांतून आणि काफ्का, कामू यांच्या वाचनातून आला. इंग्रजीचे प्राध्यापक होते, तेव्हा तसेच असणार, असा हा सरळ हिशेब. तो मला अर्धाच पटतो. उरलेला अर्धा भाग आपल्याच मातीत सापडतो असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म १० जुलै १९२३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील एकसंबे या गावी झाला. हे गाव चिकोडी तालुक्यात येते, आणि निपाणीच्या बाजूने निघाले तर आपल्या कोल्हापुरापासून ते काही फार लांब नाही. त्या काळी कोल्हापूर हे संस्थान होते आणि बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. पण सोयरिकींना, बाजाराला आणि जत्रांना ही हद्द कधी ठाऊक नव्हती. त्या पट्ट्यातली माणसे अजूनही मराठीत सुरू केलेले बोलणे कानडीत संपवतात आणि आपण भाषा बदलली हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

शिक्षण बेळगावला झाले. लहान वयातच त्यांनी घरातले मृत्यू पाहिले, आईवडिलांचे छत्र फार काळ लाभले नाही. पुढे त्यांनी लग्न केले नाही. धारवाडच्या घरी मावसबहिणींचा त्यांनी सांभाळ केला आणि त्यांनी यांचा. लेखकाच्या चरित्रावरून त्याची कथा वाचू नये असे आम्हाला वर्गात शिकवतात, आणि ते योग्यच आहे. तरीही ‘कैरी’ या कथेत मावशीच्या दारात येऊन उभे राहिलेले पोरके मूल वाचताना हा संबंध मनातून जात नाही. मुलाच्या नजरेने मोठ्यांचे जग दाखविणाऱ्या त्यांच्या कथा मला सर्वांत श्रेष्ठ वाटतात. त्यांत तत्त्वज्ञानाचा एकही शब्द नसतो. मूल फक्त बघत असते, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे ते वाचकाला त्याच्याआधी कळते.

एम. ए. झाल्यावर ते धारवाडला जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागले आणि सुमारे तीस वर्षे त्यांनी तेच काम केले. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. जी. एं.चे पहिले पुस्तक त्यानंतर तीन वर्षांनी निघाले. म्हणजे मराठी कथेला ज्याने एवढी उंची दिली त्याचे जवळजवळ सगळे लेखन महाराष्ट्राच्या बाहेर बसून झाले. मुंबई-पुण्याच्या साहित्यसंमेलनांत, सत्कारांत, व्याख्यानमालांत ते दिसत नसत. डोळ्यांवर काळा चष्मा, संध्याकाळी क्लबात पत्ते, आणि बाकीचा संसार पुस्तकांचा आणि पत्रांचा. त्यांच्या एकांतवासाच्या इतक्या दंतकथा झाल्या आहेत की त्यांच्या कथांपेक्षा त्यांच्या चष्म्यावरच जास्त बोलले जाते, हे काही बरे नाही.

धारवाडात त्याच वेळी कानडी कवी द. रा. बेंद्रे राहत होते. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, पण त्यांनी कविता कानडीत केली आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार कानडी कवी म्हणून मिळविला. जी. ए. त्याच गावात, कानडीच्या गराड्यात, इंग्रजी शिकवून मराठीत लिहीत होते. एकाच गावातले हे दोन उलटे प्रवास. आपली भाषा कोणती, हा प्रश्न सीमेवर जन्मलेल्या माणसाला आपोआप सुटत नाही. त्याला ती निवडावी लागते. जी. एं.च्या मराठीत जो एक जपून वापरल्याचा भाव आहे, प्रत्येक शब्द हातात घेऊन पाहिल्यासारखा, तो कदाचित यातूनच आला असावा.

आता त्यांच्या पुस्तकांच्या नावांकडे वळू. ‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२), ‘रक्तचंदन’ (१९६६) आणि ‘काजळमाया’ (१९७२). या प्रत्येक नावात एक रंग आहे, आणि निळ्यापासून निघालेला हा प्रवास काजळापाशी येऊन थांबतो. (जी. ए. चित्रेही काढीत.) त्यानंतर रंग संपतात. १९७५ मध्ये ‘सांजशकुन’ आणि ‘रमलखुणा’ आले, १९७७ मध्ये ‘पिंगळावेळ’. आता नावांत शकुन आहे, रमल आहे, पिंगळा आहे. भविष्य विचारण्याच्या या सगळ्या आपल्याकडच्या जुन्या रीती.

यातल्या एकेका शब्दाचे मूळ शोधले तर अर्धा आशिया फिरून होतो. ‘माया’ हा वेदान्ताचा शब्द. दिसते ते खरे नाही, पण दिसायचे थांबतही नाही, अशी ती अवस्था, जी. एं.नी तिला काजळ लावले. ‘रमल’ मुळात अरबी. त्याचा अर्थ वाळू. वाळूवर खुणा करून भविष्य पाहण्याची विद्या अरबस्तानातून आणि इराणातून आपल्याकडे आली, आणि फासे टाकून प्रश्न सांगणारे रमलवाले इथे रुळले. ‘पिंगळा’ म्हणजे लहान घुबड, आणि त्या पक्ष्याची भाषा जाणतो असे सांगत पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारी येणारा जोशीही पिंगळाच. आजी सांगते, पिंगळा आला की घरातली बाई सूप घेऊन बाहेर जायची, पण त्याच्याकडे मान वर करून बघायची नाही. न जाणो काय बोलेल! काजळमायेतील एका कथेचे नाव ‘पुनरपि’ असे आहे. जन्ममरणाच्या फेऱ्याविषयीचा हा शब्द शंकराचार्यांच्या स्तोत्रामुळे कीर्तनातूनसुद्धा सर्वांच्या कानावर पडलेला आहे. सोफोक्लीस न वाचलेल्या माणसालाही ही सगळी नावे समजतात. उलट, ज्याने फक्त सोफोक्लीस वाचला आहे त्याची पंचाईत होईल.

याचा अर्थ त्यांनी पश्चिमेकडून काही घेतले नाही असा नाही. ‘ऑर्फियस’ ही कथा ग्रीकांची आहे आणि ‘यात्रिक’मध्ये तर स्पेनचे डॉन किहोटे आणि सांचो पांझाच येतात. पण जी. ए. गोष्ट उसनी आणतात ती जशीच्या तशी परत करण्यासाठी नव्हे. ‘रमलखुणा’तील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा कोणत्या देशात घडतात हे नकाशात शोधून सापडणार नाही. वाळवंट, वेशी, देवळे, राजे आणि भविष्यवाणी असलेला तो मुलूख वाचताना अरबी कथांचा वास येतो, पुराणांचाही येतो, आणि बायबलचाही.

अनुवादक म्हणून त्यांनी काय निवडले हेही पाहण्यासारखे आहे. कॉनरॅड रिक्टर हा अमेरिकन कादंबरीकार काही जगभर गाजलेला नव्हता. जंगल तोडून शिवार आणि शिवारातून गाव कसे उभे राहते हे सांगणाऱ्या त्याच्या तीन कादंबऱ्या जी. एं.नी ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशा नावांनी मराठीत आणल्या. ‘रानातील प्रकाश’ ही त्याचीच कादंबरी. तिच्यातला गोरा मुलगा अमेरिकेतील आदिवासींमध्ये वाढतो, आणि त्याला गोऱ्या आईबापांकडे परत पाठवल्यावर तो दोन्हीकडे परका होतो. एकसंब्यात जन्मलेल्या आणि धारवाडात राहिलेल्या मराठी लेखकाला ही कादंबरी का आवडली असेल याचे वेगळे स्पष्टीकरण नको. १९८३ मधील ‘एक अरबी कहाणी’चा प्रकार तर गमतीचा आहे. जॉर्ज मेरेडिथ या इंग्रज लेखकाने अरबी सुरस कथांच्या धर्तीवर एक कहाणी रचली होती. पूर्वेची कथा इंग्लंडात जाऊन इंग्रजी कपडे घालून बसली होती, ती जी. एं.नी मराठीत पुन्हा पूर्वेला आणून सोडली.

आता मूळ प्रश्नाकडे येते. जी. एं.ची नियती म्हणजे आपला कर्मसिद्धान्त आहे काय? बरेच जण तसे समजून चालतात. माझ्या मते तसे नाही, आणि त्यांच्या कथेचा खरा कणा इथे आहे.

कर्मसिद्धान्तात प्रत्येक दुःखाची पावती असते. महाभारतातला कर्ण पाहा. ऐन युद्धात त्याची विद्या आठवत नाही, रथाचे चाक रुतते. पण एकामागे परशुरामाचा शाप आहे आणि दुसऱ्यामागे ब्राह्मणाच्या गाईचा. हिशेब चुकता आहे. जी. एं.च्या कथेत ही वही सापडतच नाही. माणसाच्या वाट्याला काहीतरी भयंकर येते आणि ते का आले हे सांगायला ना मागचा जन्म येतो, ना देव. या एका बाबतीत ते कर्णापेक्षा ग्रीकांच्या ईडिपसला जवळचे आहेत, हे मान्य केले पाहिजे. त्याच्याही कपाळी जे आले ते त्याच्या जन्माआधीच ठरलेले होते. बुद्धाच्या एका दृष्टान्तातही असेच आहे. बाण लागलेला माणूस, तो कुणी मारला, कुठल्या लाकडाचा होता, हे विचारीत बसला तर उत्तर मिळण्याआधीच मरेल. बुद्ध जखमेकडे बघायला सांगतात. जी. ए. जखमेकडेच बघतात. मात्र बुद्धांनी जखम बरी करण्याचा मार्ग सांगितला, तो जी. ए. सांगत नाहीत.

मला हे महत्त्वाचे का वाटते ते थोडक्यात सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या आत्याला सातवीनंतर शाळेतून काढले. पुढे तिचे जे झाले त्याला घरात ‘तिचा भोग’ म्हणतात. म्हणणारी माणसे वाईट नाहीत. पण भोग म्हटले की बघणाऱ्यांची जबाबदारी संपते, आणि सोसणारीवर दुःखाबरोबर दोषही येतो. जी. ए. हा दोष तिच्यावर टाकत नाहीत. त्यांच्या कथेतल्या सोसणाऱ्या बायका, अपंग, हरलेली, वेडी ठरवलेली माणसे यांच्याकडे तुम्ही हे कमावले असेल अशा नजरेने लेखक एकदाही बघत नाही. अंधार आहे हे ते सांगतात, पण तो तुझा अपराध आहे असे म्हणत नाहीत. ज्यांना पिढ्यान्पिढ्या उलटे ऐकावे लागले आहे त्यांना यातला फरक लगेच कळतो.

‘स्वामी’ ही कथा या दृष्टीने वाचावी. वाटेत भेटलेल्या एका प्रवाशाला मठात नेले जाते, जमिनीखालच्या खोलीत उतरवले जाते आणि तोच आता इथला स्वामी आहे असे ठरवले जाते. सगळ्या सुखसोयी आहेत, फक्त बाहेर पडायची वाट नाही. ही माणसे त्याच्यावर रागावलेली नाहीत, उलट त्याची पूजा करतात, म्हणून ते जास्त भयंकर वाटते. त्याची काहीही चूक नाही. त्या काळोखात एक वेल वाढत असते आणि स्वतःच्या श्वासाची किंमत देऊन तो माणूस ती वेल उजेडाकडे जाऊ देतो. त्याची सुटका होत नाही. ज्यांना जी. ए. केवळ निराशेचे लेखक वाटतात त्यांनी ही वेल कुठे ठेवायची हे सांगावे.

त्यांच्या लेखनात दोष नाहीत असे मुळीच नाही. उत्तरार्धातील रूपककथांत प्रतिमांवर प्रतिमा इतक्या चढतात की खालची गोष्ट दबून जाते. ‘विदूषक’सारख्या कथेत पात्रे बोलण्यापेक्षा प्रवचन जास्त करतात, आणि ते प्रवचन फार देखणे आहे म्हणून आपण ते चालवून घेतो. ‘सांजशकुन’ मी दोनदा वाचायला घेतले आणि दोन्ही वेळा ते ठेवून ‘पिंगळावेळ’कडे वळले. सरांचे मत याच्या बरोबर उलट आहे.

‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे ते पुस्तक नेमके केव्हा प्रसिद्ध झाले, पुरस्काराच्या मुदतीत ते बसते की नाही, असा वाद निघाला. वाद तारखेचा होता, पुस्तकाच्या योग्यतेबद्दल कुणाला शंका नव्हती. तरीही जी. एं.नी पुरस्कार परत केला. ज्याने जन्मभर वही नाकारली त्याने स्वतःचा हिशेब मात्र असा कडक ठेवला.

बोलणे त्यांनी पत्रांसाठी राखून ठेवले होते. सुनीता देशपांडे आणि इतर स्नेह्यांना लिहिलेली त्यांची पत्रे मृत्यूनंतर चार खंडांत निघाली. कमी बोलणारा हा माणूस पत्रात चेष्टामस्करी करतो, पुस्तकांवर भांडतो, खाण्यापिण्यावर लिहितो. ‘बखर बिम्मची’ हे मुलांचे पुस्तक १९८६ मध्ये आले. बिम्मच्या जगात प्राणी-पक्षी त्याच्याशी बोलतात आणि शकुन-अपशकुन कुणालाच ठाऊक नाहीत. अंधाराच्या आठ पुस्तकांनंतर हे पुस्तक लिहावेसे वाटले याचे मला फार अप्रूप आहे.

अखेरच्या काळात ते धारवाड सोडून पुण्याला राहायला गेले. तिथेच ११ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. लहानपणच्या माणसांच्या आठवणींचे ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ हे पुस्तक दुसऱ्या वर्षी बाहेर पडले. त्या नावात रंग नाही आणि शकुनही नाही. नुसती माणसे आहेत, थोरली आणि सुटी.