३००/१९० : एका राष्ट्राध्यक्षाचं बीपी

कॉलेजच्या रक्तदान शिबिरात तुम्ही कधी रांगेत उभे राहिला असाल, तर हा सीन ओळखीचा असेल. दंडाला पट्टा बांधतात, तो फुगतो, हात आवळला जातो, मग हळूहळू सैल होतो आणि समोरची ताई वहीत दोन आकडे लिहिते. एकशेवीस, ऐंशी. आपलं लक्ष पलीकडच्या टेबलावरच्या बिस्किटांच्या पुड्यांकडे असतं, त्या आकड्यांकडे कोण बघतंय! पहिला आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा धमन्यांमधला दाब. दुसरा, दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हाचा.

आता त्या जागी ३०० आणि १९० लिहिलेत अशी कल्पना करा. १२ एप्रिल १९४५ च्या दुपारी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, वॉर्म स्प्रिंग्ज नावाच्या गावातल्या एका छोट्या पांढऱ्या घरात एका माणसाच्या दंडावर हे आकडे मोजले गेले. त्यानंतर काही तासांत तो माणूस गेला. वय ६३. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि ते लढणाऱ्या अमेरिकेचा तो राष्ट्राध्यक्ष होता. फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट.

रूझवेल्ट म्हटलं की आपल्याला महामंदी, न्यू डील, चर्चिल-स्टालिनसोबतचा तो फोटो एवढं आठवतं. राज्यशास्त्राच्या पेपरला तेवढं पुरतंही. पण त्यांच्या आयुष्याकडे नुसतं त्यांच्या शरीराच्या बाजूने बघितलं, तर एक वेगळीच गोष्ट दिसते.

जन्म ३० जानेवारी १८८२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कचा. घरात पैसा भरपूर, आईवडिलांचा एकुलता एक मुलगा, हार्वर्डचं शिक्षण. उंचपुरे, देखणे, पोहण्यात आणि शिडाच्या होड्या चालवण्यात तरबेज. इथपर्यंत गोष्ट अगदीच श्रीमंत घरातल्या मुलाची आहे, पटकन पुढे जाऊ.

ऑगस्ट १९२१. वय ३९. कॅनडातल्या कॅम्पोबेलो बेटावर कुटुंबासोबत सुट्टी चालू होती. एके दिवशी दमूनभागून, थंड पाण्यात पोहून ते घरी आले, अंग कसकसलं म्हणून लवकर झोपले. दोन-तीन दिवसांत कमरेखालचं शरीर हलेना. निदान झालं पोलिओ. पुढची चोवीस वर्षं हा माणूस आधाराशिवाय एक पाऊल टाकू शकला नाही. पायांना लोखंडी पट्ट्या, एका हातात काठी, दुसरा हात मुलाच्या नाहीतर सहकाऱ्याच्या दंडात, आणि कंबर झुलवत टाकलेली पावलं. याच अवस्थेत ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले आणि १९३२, १९३६, १९४० आणि १९४४ अशा लागोपाठ चार निवडणुका जिंकून राष्ट्राध्यक्ष राहिले. चार वेळा निवडून आलेला दुसरा राष्ट्राध्यक्ष अमेरिकेत नाही. नंतर त्यांनी घटनाच बदलली, आता दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही.

पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून मला इथे जरा थांबावंसं वाटतं. व्हीलचेअरवरच्या रूझवेल्ट यांचे फोटो किती सापडतात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या काळचे छायाचित्रकार कॅमेरा खाली ठेवायचे. कुणी क्लिक करायचा प्रयत्न केलाच, तर सुरक्षारक्षक आडवे यायचे. पोलिओ झालाय हे लोकांना माहीत होतं, पण पायांची अवस्था किती वाईट आहे हे दिसू द्यायचं नाही, असा एक न बोललेला करार होता. माणसाचा मान राखायचा म्हणून हे ठीकच म्हणू. पण एकदा झाकायची सवय लागली की काय काय झाकलं जातं, ते पुढे बघा.

१९३५ साली रूझवेल्ट यांचं बीपी होतं १३६/७८. काहीच काळजीचं नाही. १९३७ मध्ये ते १६२/९८ झालं. आज तुमच्या बाबांचं एवढं आलं, तर डॉक्टर त्याच आठवड्यात परत बोलावतील. १९४१ मध्ये १८८/१०५. आणि उपचार? शून्य.

यात निव्वळ हलगर्जीपणा नव्हता. त्या काळच्या वैद्यकशास्त्राला वाढलेला रक्तदाब हा रोग वाटतच नव्हता. वय वाढतं, धमन्या कडक आणि अरुंद होतात, मग त्यातून रक्त पुढे न्यायला शरीर आपणहून दाब वाढवतं, अशी समजूत होती. त्याला नाव होतं ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’. तो कमी केला तर मेंदूला आणि किडनीला रक्त पोचणार नाही, अशी भीती मोठमोठ्या डॉक्टरांना वाटायची. त्यात रूझवेल्ट यांचे खासगी डॉक्टर, नौदलाचे रॉस मॅकिंटायर, हे कान-नाक-घशाचे स्पेशालिस्ट. राष्ट्राध्यक्षांना सारखा सायनसचा त्रास व्हायचा म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. त्यांचं लक्ष नाकावर आणि तिकडे बीपी चढतंय.

मार्च १९४४ पर्यंत रूझवेल्ट इतके थकलेले दिसायला लागले की मुलगी अ‍ॅना हट्टाला पेटली. नीट तपासणी झालीच पाहिजे. शेवटी बेथेस्डाच्या नौदल हॉस्पिटलात त्यांना हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयरोगतज्ज्ञापुढे नेलं. ब्रून यांचं वय तेव्हा चाळिशीच्या आत. दम लागलेला, ओठ निळसर, हृदय वाढलेलं, फुप्फुसांत पाणी, बीपी १८६/१०८. निदान सरळ होतं, हृदय निकामी व्हायला लागलंय.

तुम्ही ब्रून यांच्या जागी असता तर? समोर जगातला सगळ्यात ताकदवान पेशंट, नॉर्मंडीच्या स्वारीची तयारी चालू आणि बीपी खाली आणणारं धड एकही औषध बाजारात नाही. त्यांच्या हातात होतं ते एवढंच : हृदयाला जोर देणारं डिजिटॅलिस, मीठ कमी, सिगारेटी कमी, विश्रांती आणि शांत झोपेसाठी फेनोबार्बिटल. डिजिटॅलिस देण्यासाठीसुद्धा त्यांना वरिष्ठांशी वाद घालावा लागला. औषध सुरू झालं, दम कमी झाला, रूझवेल्ट यांना बरं वाटायला लागलं. दाब मात्र चढतच राहिला. जूनमध्ये, नॉर्मंडीच्या सुमारास, २२६/११८.

आणि यातलं काहीही बाहेर सांगायचं नाही असा ब्रून यांना हुकूम होता. पेशंटलाही नाही! गंमत म्हणजे पेशंटनेही कधी विचारलं नाही. रोज कोणी नवा डॉक्टर येऊन छाती का तपासतो, ही हिरवी गोळी कशाची, असा एकही प्रश्न रूझवेल्ट यांनी केला नाही. मला हे सगळ्यात विचित्र वाटतं. त्यांना कळलंच नसेल हे पटत नाही. माहीत असूनही न विचारणं, हे आपल्याही घरातल्या मोठ्यांच्या बाबतीत आपण बघतोच की.

नोव्हेंबर १९४४ मध्ये निवडणूक झाली. मॅकिंटायर वर्तमानपत्रांना सांगत राहिले की वयाच्या मानाने तब्येत उत्तम आहे. मतदारांनी मत दिलं ते या माहितीवर. युद्धाच्या काळात शत्रूला कमजोरी कळू द्यायची नाही, हा युक्तिवाद मला समजतो. पण चौथ्यांदा निवडून द्यायचा माणूस चार वर्षं जगण्याची शक्यता फारशी नाही, हे लोकांना कळायला नको होतं का? माझं उत्तर ‘हवं होतं’ असं आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

त्या हिवाळ्यात बीपी २६०/१५० पर्यंत गेलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा. तो प्रसिद्ध फोटो आठवा : चर्चिल, मध्ये रूझवेल्ट, शेजारी स्टालिन. रूझवेल्ट यांचे गाल बसलेत, डोळ्यांखाली काळं, अंगावर ओढून घेतलेला कोट. आता ही गोष्ट माहीत करून घ्या आणि पुन्हा तो फोटो बघा. १९५३ च्या मार्चमध्ये स्टालिन गेले ते मेंदूतल्या रक्तस्रावाने. त्याच वर्षी जूनमध्ये चर्चिल यांना मोठा स्ट्रोक झाला, तोही लोकांपासून लपवला गेला, आणि १९६५ मध्ये ते गेले तेही स्ट्रोकनेच. जगाचा नकाशा आखायला बसलेली तीन माणसं आणि तिघांच्याही मेंदूतल्या रक्तवाहिन्या शेवटी दगा देणार होत्या.

मार्चअखेर रूझवेल्ट वॉर्म स्प्रिंग्जला आले. इथल्या कोमट झऱ्याच्या पाण्यात ते पोलिओनंतर पाय हलवायला शिकायला यायचे, ही त्यांची आवडती जागा. १२ एप्रिलला दुपारी एकच्या सुमारास ते कागदपत्रं चाळत बसले होते आणि एलिझाबेथ शुमाटॉफ ही चित्रकार त्यांचं पोर्ट्रेट रंगवत होती. अचानक त्यांनी हात डोक्याकडे नेला, मागच्या बाजूला भयंकर दुखतंय असं सांगितलं आणि खुर्चीतच कोसळले. पंधरा मिनिटांत ब्रून धावत आले. बीपी ३००/१९०, एका डोळ्याची बाहुली विस्फारलेली. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी सगळं संपलं.

स्ट्रोक दोन प्रकारचा असतो. एकात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. दुसऱ्यात वाहिनीच फुटते. गावाकडे ‘नस फुटली’ म्हणतात तो हा. वर्षानुवर्षं वाढलेल्या दाबाने मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंती झिजतात, ठिसूळ होतात आणि एका दुपारी त्यातली एखादी दाब सोसत नाही. रूझवेल्ट यांचं हेच झालं.

मॅकिंटायर यांनी पत्रकारांना सांगितलं की हे ध्यानीमनी नसताना घडलं. ब्रून पंचवीस वर्षं गप्प राहिले. १९७० साली त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात सगळे आकडे छापले, तेव्हा जगाला खरं कळलं. राष्ट्राध्यक्षांची हॉस्पिटलमधली मूळ फाइल मात्र गायब झाली ती झालीच.

पण या मृत्यूने एक काम केलं. जून १९४८ मध्ये नंतरचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नॅशनल हार्ट अ‍ॅक्टवर सही केली. त्याच वर्षी बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या साध्याशा गावात ३० ते ६२ वयाची ५,२०९ माणसं निवडून त्यांना दर दोन वर्षांनी तपासायला सुरुवात झाली. कुणाला हृदयविकार होतो, कुणाला स्ट्रोक, आणि त्याआधी त्यांच्यात काय वेगळं होतं? ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्द आपण आज सहज वापरतो ना, तो रूढ झाला या अभ्यासातूनच, १९६१ मध्ये. वाढलेला दाब गरजेचा नाही, घातक आहे, हे इथे आकड्यांत दिसलं. हा अभ्यास अजून चालू आहे. आता त्या लोकांची नातवंडं तपासली जातात.

औषधाचा धागा मात्र मुंबईतून जातो. केईएम हॉस्पिटलशी संबंधित डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपल्या सर्पगंधेचा ५० पेशंटवरचा अनुभव छापला. आजीबाईच्या बटव्यातली ही मुळी दाब खाली आणते हे पाश्चात्त्य डॉक्टरांनी तेव्हा लक्ष देऊन वाचलं. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं, १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत १४३ पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना खरी औषधं, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशा गोळ्या. खऱ्या औषधांच्या तीन गोळ्यांमध्ये एक रिसर्पिन होतं. ज्यांना औषध मिळालं नाही त्यांच्यात २७ जणांना स्ट्रोकसारखा गंभीर त्रास झाला, औषधवाल्यांत दोघांना. दाब कमी केला तर मेंदू उपाशी मरेल ही भीती त्या दिवशी संपली. रिसर्पिन आज फारसं वापरत नाहीत, मन उदास करतं म्हणून ते मागे पडलं, त्याहून चांगल्या गोळ्या आल्या.

ब्रून यांनी सांगितलेलं मिठाचं पथ्यही अजून संशोधनात आहे. २०२१ मध्ये चीनमधल्या ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवरचा अभ्यास आला. आधी स्ट्रोक झालेले किंवा बीपी असलेले वयस्कर असे हे लोक. निम्म्या खेड्यांत नेहमीचं मीठ, निम्म्यांत चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं. पाचेक वर्षांत दुसऱ्या गटात स्ट्रोकचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरलं. फक्त किचनमधली मिठाची बरणी बदलून! (किडनीचा आजार असेल तर हे मीठ चालत नाही, तेव्हा घरी विचारल्याशिवाय प्रयोग नको.)

आणि ती वॉर्म स्प्रिंग्जची खोली? ब्रून यांनी त्या दुपारी रक्तवाहिन्या सैल करणारी पापाव्हेरिन आणि अमाइल नायट्राइट ही औषधं देऊन बघितली होती. दाब उतरावा म्हणून त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. २०२३ मध्ये ‘इंटरअ‍ॅक्ट-३’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. भारतासह दहा देशांतले, मेंदूत रक्तस्राव झालेले सात हजारांवर पेशंट. हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात वरचा आकडा १४० च्या खाली आणायचा, जोडीला साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम आटोक्यात ठेवायचा, असा एकत्र उपचार केला, तर जास्त लोक वाचतात आणि नंतर आपल्या पायांवर उभे राहतात, असं त्यात दिसलं. रूझवेल्ट यांचा रक्तस्राव इतका मोठा होता की कदाचित यानेही ते वाचले नसते. पण १९३७ मध्ये १६२/९८ आलं होतं, तेव्हा त्यांच्याकडे अजून आठ वर्षं होती.